वालाच्या गाठी आणि पाकिटातले जिवाणू

भातकापणी उरकली की मुरबाड, शहापूर आणि कल्याणच्या खेड्यांत खाचरातल्या उरल्यासुरल्या ओलीवर कडवे वाल पेरतात. पाण्याची पाळी नाही, खताची चैन नाही. तरी शेंगा धरतात. नत्र येते कुठून?

फुलावर आलेले एखादे रोप ओढू नका, खुरप्याने मातीसकट उचला. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एक नखाने चिरा. आत तांबूस-गुलाबी रंग असेल तर गाठ चालू आहे. पांढरट असेल तर अजून कामाला लागलेली नाही. हिरवट पडली असेल तर तिचे काम संपले. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा. हवेतले नत्र फोडणाऱ्या विकराला मोकळा ऑक्सिजन सोसत नाही; हे द्रव्य तो धरून ठेवते आणि गाठीतल्या रायझोबियम जिवाणूंना श्वासापुरताच देते. जे काम करायला अमोनियाच्या कारखान्यात चारशे अंशांच्या वर उष्णता आणि प्रचंड दाब लागतो, ते इथे मातीच्या तापमानात होते.

१८८६ मध्ये जर्मनीत हेलरीगेल यांनी गाठींचे हे काम ओळखले, १८८८ मध्ये हॉलंडच्या बायेरिंक यांनी त्यातला जिवाणू वेगळा काढला. आपल्याकडे १९२० मध्ये बिहारमधल्या पुसा येथून एन. व्ही. जोशी यांचा द्विदल पिकांच्या गाठींवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. भाताला खताविना नत्र कुठून मिळते, हे कोडे १९३९ मध्ये पी. के. डे यांनी उलगडले: खाचराच्या पाण्यात वाढणारे निळे-हिरवे शेवाळ, जे खरे तर जिवाणूच आहे, तेही हवेतले नत्र बांधते.

मग दुकानातले जिवाणूंचे पाकीट कशाला? वाल चोखंदळ नाही. चवळी, मूग, उडीद यांच्याशी जमणारे जिवाणूच त्यालाही चालतात आणि ते आपल्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. हरभऱ्याचे तसे नाही. त्याला त्याचाच जिवाणू लागतो. त्यात खाचर पावसाळाभर पाण्याखाली. हवेवर जगणारे रायझोबियम त्या काळात विरळ होतात. म्हणून भातानंतर पहिल्यांदाच हरभरा घेणाऱ्याला पाकीट लाभते. वालाला मात्र बहुधा फरक पडत नाही.

फॉस्फरसची, म्हणजे स्फुरदाची, गोष्ट निराळी. कोकणच्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद जखडून ठेवतात; पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, सेंद्रिय आम्ले सोडून ते सैल करतात. पण आम्ले बनवायला त्यांना सेंद्रिय द्रव्य खायला लागते. राब भाजल्याने, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर पालापाचोळा जाळल्याने, तण मरते, राख मिळते, पण पालापाचोळ्यातले सेंद्रिय द्रव्य जळून जाते. डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीत खाचरात गिरिपुष्पाचा हिरवा पाला गाडायला सांगितले आहे, ते इथे उपयोगी पडते. डोंबिवलीच्या बाल्कनीतही हेच: नुसत्या लाल मातीच्या कुंडीत पीएसबी ओतून काही होत नाही. आधी ओल्या कचऱ्याचे कुजलेले खत, मग जिवाणू.

२००६ मध्ये जिवाणू खते खत नियंत्रण आदेशात आली. पावडरच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी, द्रवरूपाच्या एका मिलिलिटरमध्ये १० कोटी जिवंत जिवाणू असावेत, असा दंडक आहे. शिफारस साधी: १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, गुळाच्या थंड केलेल्या पाण्यातून चोळायचे, सावलीत सुकवायचे, लगेच पेरायचे. बुरशीनाशक लावायचे असेल तर आधी. जिवाणू सगळ्यात शेवटी. वैशाखात पत्र्याखाली तापलेल्या पाकिटात छापील आकडा तेवढा शाबूत राहतो.

अपेक्षाही मापात हवी. सुधारित भाताला कोकणात हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस आहे. ॲझोस्पिरिलमसारख्या नत्र बांधणाऱ्या जिवाणूंकडून फार तर २०-२५ किलो धरतात. पाकिटाच्या भरवशावर युरिया एकदम बंद केला की पीक पिवळे पडते आणि बोल जिवाणूंना लागतो.

नावात खत असले तरी ही वस्तू वागते बियाण्यासारखी. कोणत्या पिकाचे, कधी बनवलेले, कुठे ठेवलेले, हे बियाणे घेताना आपण विचारतोच. जिवाणूंचे पाकीट घेतानाही दुकानदाराला तेच विचारावे.