टी.व्ही.ला जागा दोन, यंत्रे मात्र चार!

मुंबईत दूरदर्शन सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्या काळी टी.व्ही.च्या मागे एकच वायर जायची, ती छपरावरच्या अँटेनाची. पुढे व्ही.सी.आर. आला. वर्गणी काढून तो रात्रभरासाठी भाड्याने आणायचा आणि सगळ्या वस्तीने अंगणात बसून पिक्चर पाहायचे, हे अनेकांना आठवत असेल. आज तीच यंत्रे घरोघरी साठली आहेत. टी.व्ही.च्या मागच्या जागा मात्र वाढलेल्या नाहीत.

समजा, मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील चारोटी नाक्यावर गॅरेजात काम करणाऱ्या एखाद्या बंधूचे घर आहे. घरात डी.डी. फ्री डिशचा बॉक्स आहे. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली आणि तिला महिन्याचे भाडे नाही, म्हणून ती कष्टकऱ्यांना परवडते. शिवाय एक डी.व्ही.डी. प्लेअर, मुलाने आणलेली इंटरनेटची काडी आणि आईबाबांच्या लग्नाच्या कॅसेटसाठी जपलेला व्ही.सी.आर. आहे. टी.व्ही.ला मात्र एच.डी.एम.आय.ची एक चपटी जागा आणि पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांची एक जागा, एवढेच! मग रोज एक वायर उपटा, दुसरी खुपसा. शेवटी जागा सैल होते, चित्र थरथरते आणि कोणीतरी म्हणते, "हप्त्यावर नवा टी.व्ही. घेऊ."

थांबा! केवळ जागा कमी पडते म्हणून कर्ज काढण्याचे कारण नाही.

प्रथम कामाची वाटणी करा. फ्री डिशच्या अनेक बॉक्सना दोन्ही प्रकारच्या जागा असतात. असा बॉक्स तीन पिनांवर चालवला की चपटी जागा काडीसाठी मोकळी राहते. मुलांची गाणी पेन ड्राइव्हवर असतील आणि टी.व्ही.ला यू.एस.बी.ची जागा असेल, तर वेगळे यंत्र बहुधा लागतच नाही.

तरीही तीन पिनांची यंत्रे जास्त झाली, तर ए.व्ही. सिलेक्टर घ्या. ही छोटी डबी असते. तीन-चार यंत्रांच्या पिना तिच्यात लावायच्या, तिच्यातून एकच वायर टी.व्ही.ला न्यायची आणि हव्या त्या यंत्राचे बटण दाबायचे. पिवळी पिन चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या आवाजाची. पिवळी पिन पांढऱ्या जागेत गेली तर चित्र येत नाही, नुसती घरघर ऐकू येते. तेव्हा यंत्र बिघडले असे समजू नका, आधी रंग तपासा.

चपट्या वायरींसाठी एच.डी.एम.आय. स्विच मिळतो. येथे दुकानात दोनदा फसगत होऊ शकते. स्विच अनेक यंत्रे एका टी.व्ही.ला जोडतो, तर स्प्लिटर एका यंत्राचे चित्र अनेक टी.व्ही.ना देतो. आपल्याला स्विच हवा. दुसरे असे की, व्ही.सी.आर. चपट्या जागेत लावायचा झाल्यास ए.व्ही.कडून एच.डी.एम.आय.कडे नेणारा कन्व्हर्टर मागा. उलट्या दिशेचाही अगदी तसाच दिसतो, पण तो आपले काम करत नाही. डबीवर आत कोणती वायर जाते आणि बाहेर कोणती निघते, हे वाचूनच पैसे द्या.

वायरी बदलताना सर्व यंत्रांचे बटण बंद करून प्लग काढावेत. पावसाळ्यात विजा कडाडू लागण्याआधी डिशची वायरही बॉक्सपासून सोडवावी. प्रत्येक वायरीवर चिकटपट्टी लावून यंत्राचे नाव लिहा, म्हणजे घरातल्या आजीलाही कोणाला हाक मारावी लागणार नाही.

शेवटी, त्या कॅसेटविषयी. जपानची फुनाई ही व्ही.सी.आर. बनवणारी जगातील शेवटची कंपनी मानली जात होती. तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. आहे तो व्ही.सी.आर. मोडला तर नवा मिळणे कठीण. दमट हवेत कॅसेटच्या पट्टीला बुरशी धरते. पांढरे डाग दिसले तर ती घरी लावून पाहू नका, जाणकाराकडे न्या. चांगली असेल तर व्ही.सी.आर. चालू आहे तोवर तिची नक्कल पेन ड्राइव्हवर करून घ्या आणि ती दोन ठिकाणी ठेवा. टी.व्ही. उद्याही विकत मिळेल. पण त्या लग्नात मांडवात हसत फिरणारे, आज हयात नसलेले आजोबा पुन्हा कोणत्याही दुकानात मिळणार नाहीत.