गाडी चमकावी, पाणीही वाचावे

इतवारीच्या अरुंद गल्ल्यांत गाडी झाकून ठेवली तरी धूळ बसतेच. ती कोरड्या फडक्याने पुसू नये. धुळीतले बारीक कण रंगावर चरे पाडतात. पण पाइप लावून धुणेही बरे नव्हे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो आणि पेंच-कन्हानचे पाणी साऱ्या शहराला पुरवावे लागते. वुजूच्या पाण्यातही इसराफ नको, असे आपण मुलांना शिकवतो. मग गाडीसाठी नळ वाहता कसा ठेवायचा? तीन-चार बादल्यांत काम होते.

फजरनंतर पत्रा थंड असतो, तीच वेळ चांगली. आधी मगाने पाणी ओतून धूळ भिजवा. एका बादलीत कार शॅम्पू, दुसरीत साधे पाणी घ्या. मऊ कापडाने छतापासून खाली धुवत या. मळलेले कापड आधी साध्या पाण्यात खळबळून मगच शॅम्पूत बुडवा. चाके शेवटी, वेगळ्या फडक्याने. कपडे धुण्याची पावडर नको. ती मेणाचा थर उतरवते. स्वच्छ पाणी ओतून लगेच कोरडे पुसा.

पॉलिश आणि मेण एक नव्हे. पॉलिश वरचा थर किंचित घासून चरे कमी करते, म्हणून वर्षातून एकदा पुरे. मेण रंगावर पातळ पडदा धरते. ते सावलीत, अगदी थोडे लावा. दोन-तीन महिने टिकते.

आणि हो, साबणाचे पाणी शेजाऱ्यांच्या उंबऱ्याकडे वाहू देऊ नका. त्यांचाही आपल्यावर हक्क आहे.