पापडाच्या पुडक्याची पत

भिलाईच्या वैशाली नगरातील एखाद्या किराणा दुकानात महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घटकाभर उभे राहिले, म्हणजे गिऱ्हाइकाची नजर पुडक्यावर कशी फिरते हे सहज ध्यानात येते: आधी किंमत, मग तारीख, शाकाहारी घर असेल तर हिरवा ठिपका, आणि पुडके पिशवीत. कंपनीने किती झाडे लावली व किती शाळांना मदत केली हा पाठीमागचा बारीक मजकूर बहुधा न वाचताच घरी जातो. एवढ्यावरून ग्राहकास कंपन्यांच्या सदाचरणाची पर्वाच नाही असे म्हणणे उतावळेपणाचे होईल. कारण त्याच फळीवर लिज्जत पापडही असतो, आणि तो उचलताना "बायकांच्या हातचा आहे हो" असे म्हणणारी गृहिणी, मग ती मराठी असो, छत्तीसगढी असो वा तेलुगू, काही विरळा नाही.

योगायोग असा की, भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, आणि त्यानंतर चाळीस दिवस लोटण्यापूर्वीच, 15 मार्चला, मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रिया लिज्जतचे पहिले पापड लाटावयास बसल्या. एकीकडे सरकारी खजिना आणि सोव्हिएत तंत्रज्ञ. दुसरीकडे उसने ऐंशी रुपये. ते रुपये देणाऱ्या छगनलाल पारेख यांनी मालाची प्रत एकच ठेवावी, स्वस्त विकण्यासाठी हलकी प्रत काढू नये, असा आग्रह धरला. आणि तोटा आला तरी कोणापुढे देणगीसाठी हात पसरावयाचा नाही, हे त्या स्त्रियांनी ठरवून टाकले. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, तोवर संस्थेचा विस्तार हजारो भगिनींपर्यंत पोहोचला होता. सकाळी केंद्रावर मळलेले पीठ तयार असते. भगिनी आदल्या दिवशी लाटून वाळवलेले पापड वजनावर देते, लाटणावळ घेते, नवे पीठ घरी नेते. आणि ही भगिनी पगारी नोकर नसून सहमालकीण असल्यामुळे नफ्यातोट्यात तिचा वाटा असतो. येथे समाजकार्य आणि धंदा अशी दोन खाती नाहीत. ज्या हाताने पापड लाटला त्याच हातात त्याचे मोल पडते, म्हणून जाहिरातीच्या मध्यस्थीवाचूनही ते ग्राहकास पटते. अर्थात पापड कुबट निघाला तर ही सहानुभूती दुसऱ्या पुडक्यापर्यंत टिकणार नाही.

याउलट, 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 अन्वये मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चणे भाग आहे. ही तजवीज स्तुत्य खरी. पण कायद्याच्या बडग्याने झालेल्या दानाचे ग्राहकाने कौतुक ते किती करावे? 2015 च्या जूनमध्ये शिशाच्या संशयावरून बंदी येऊन मॅगी बाजारातून उठली, ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, आणि नव्या तपासण्या पार पडल्यावर नोव्हेंबरात ती पुन्हा दुकानांत आली. त्या पाच महिन्यांत आयांचा प्रश्न एकच होता: मुलांना द्यावी की न द्यावी? कंपनीचा दानधर्म कोणी विचारला नाही. अन्नाच्या बाबतीत पहिली जबाबदारी ताटातली. ती सांभाळली तरच पुढच्या पुण्याईची चौकशी होते, आणि तीसुद्धा किमतीत फार अंतर नसेल तेव्हाच.

पर्यावरणाचा मामला याहून बिकट आहे, कारण तेथे आपणही पुरते निर्दोष नाही. लिज्जतचा पापडही प्लॅस्टिकातच येतो. महाराष्ट्र सरकारने 2018 च्या प्लॅस्टिकबंदीत दुधाची रिकामी पिशवी पन्नास पैशांना परत घेण्याची तरतूद केली. पण पिशवी धुऊन, वाळवून, जपून दुकानी नेण्याचा व्याप त्या पन्नास पैशांपायी किती घरांनी केला असेल? "पर्यावरणस्नेही" अशा मोघम दाव्यांना पुरावा हवा, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2024 च्या ऑक्टोबरात बजावले आहे, आणि 2016 च्या नियमांनी वेष्टनाचा कचरा परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तथापि दारी येणारा कबाडी रद्दी, पत्रा, बाटल्या तोलून घेतो आणि वेफर्सचे चकचकीत वेष्टन तेवढे बाजूला सारतो, कारण पुढे त्याला गिऱ्हाईक नसते. कंपन्यांनी त्याचा किलोमागे भाव बांधून दिला, तर तेही तो तितक्याच आस्थेने तराजूत घालील.