टायर बदलायचा कधी?

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. दिवसभर उन्हात उभ्या राहणाऱ्या, कमी फिरणाऱ्या गाडीचे टायर गोटा होण्याआधीच वयाने तडकतात. म्हणून आधी जन्मतारीख बघा. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा, अर्थात जून. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या. दहा वर्षांनंतर नक्षी शाबूत असली तरी टायर काढाच. स्टेपनीलाही हाच नियम, तिच्याकडे कोणी बघतच नाही.

केसासारख्या वरवरच्या भेगांनी लगेच घाबरू नका. भेगेत नख रुतलं, आतले धागे दिसले किंवा बाजूला फुगा आला, तर पुण्या-हैदराबादचा हायवे विसरा. कारची नक्षी 1.6 मिलिमीटरवर आली की टायर संपला. खाचांमधले उंचवटे तेव्हा नक्षीच्या पातळीला येतात.

पैसे कमी असतील तर एकाच अ‍ॅक्सलचे दोन घ्या आणि नवे मागे लावा. काळं पॉलिश मारलेले सेकंडहँड टायर मात्र स्वस्तात मिळाले तरी नकोत. पॉलिशखाली भेगा झाकल्या जातात.