कंस नव्हे, आज्ञा

युनिक्स घराण्यातील संगणकांवर आज्ञा वाचून त्या पार पाडणाऱ्या प्रोग्रॅमला शेल म्हणतात, आणि अशा आज्ञा क्रमाने लिहून ठेवलेल्या फाइलला शेल स्क्रिप्ट. तिच्यातील अट चौकटी कंसात लिहिली जात असल्यामुळे कंस हा व्याकरणाचा भाग असावा असे वाटते. वस्तुतः उघडणारा कंस हे ‘टेस्ट’ या आज्ञेचेच दुसरे नाव आहे आणि बंद होणारा कंस हा त्या आज्ञेला दिलेला शेवटचा शब्द. म्हणूनच उघडणाऱ्या कंसानंतर स्पेस सोडली नाही, तर शेल कंसासह पुढचा शब्द जोडून भलत्याच आज्ञेचा शोध घेते आणि ती सापडत नसल्याची तक्रार करते.

ही चूक निदान बोलकी आहे; ‘==’ची चूक तशी नाही. १९९२च्या पॉझिक्स मानकात मजकुराच्या तुलनेसाठी एकच ‘=’ आहे, परंतु १९८९ साली आलेले बॅश हे शेल दोन्ही रूपे चालवून घेते, त्यामुळे सी भाषेची सवय असलेला हात सहज ‘==’ लिहून जातो. उबंटू या लिनक्स प्रणालीने २००६ साली, संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून, ‘एसएच’ या शेलच्या सर्वसाधारण नावामागे बॅशऐवजी डॅश हे आटोपशीर शेल आणले, आणि डॅशला ‘==’ कळत नाही.

निकाल ‘चूक’ असेल तर थांबावे, अन्यथा ‘सर्व चाचण्या उत्तीर्ण’ असे छापावे, अशी ‘==’ वापरणारी अट एखाद्या चाचणीच्या स्क्रिप्टमध्ये असली, तर डॅशमध्ये टेस्ट आज्ञा अनपेक्षित चिन्हाबद्दल एक ओळ कुरकुरते आणि २ हा अंक परत देते. अट खरी असल्यास ०, खोटी असल्यास १ आणि अटच समजली नाही तर त्याहून मोठा अंक, असा संकेत असला, तरी ‘इफ’ला शून्य आणि शून्येतर एवढाच भेद दिसतो, त्यामुळे ‘प्रश्न कळला नाही’ हे उत्तर मुकाट्याने ‘नाही’ ठरते आणि नापास चाचणीही उत्तीर्ण म्हणून छापली जाते. झेडशेल मात्र त्याच जागी ‘=’ नावाची आज्ञा शोधते आणि ती नसल्याचे सांगते.

काही चुकांत तर कुरकुरही नसते. मजकूर रिकामा नाही ना, हे विचारताना चलाभोवती अवतरणचिन्हे टाकली नाहीत आणि चल रिकामे निघाले, तर कंसात केवळ पर्यायाचे चिन्ह उरते, आणि एकटा शब्द रिकामा नसला की टेस्ट आज्ञा त्याला खरे मानते. ‘[ ३ > ५ ]’ ही अटही खरीच ठरते, कारण ‘>’ हे चिन्ह शेल स्वतःकडे ठेवून घेते, टेस्टपर्यंत फक्त ३ पोहोचतो, आणि फोल्डरमध्ये ‘५’ नावाची रिकामी फाइल तयार होते.