पहिल्या भेटीत लेक जवळ येत नाही

२०२५ च्या जानेवारीत आमच्या धुळ्यातील वस्तीमधल्या एका जोडप्याबरोबर मी तेलंगणात गेलो होतो. काम होते लेक आणण्याचे. तो एमआयडीसीत हेल्पर आहे, ती शाळेत पोषण आहार शिजवते. दोघांना हिंदी जेमतेम, इंग्रजी नाहीच. म्हणून कागदपत्रांच्या कामासाठी मला सोबत घेतले. लग्नाला अठरा वर्षे झालेली. दवाखाने पुष्कळ झाले, कर्ज झाले. नवस मात्र केले नाहीत, घर बावीस प्रतिज्ञा घेतलेले.

२०२२ च्या अखेरीस त्यांनी दत्तकासाठी सरकारी संगणकावर नोंदणी केली. दोघांच्या वयाची बेरीज अठ्ठ्याऐंशी. बेरीज पंच्याऐंशीच्या पुढे गेली की दोन वर्षांच्या आतले मूल मिळत नाही, नव्वदपर्यंत असली तर दोन ते चार वर्षांचे मिळते. दोन वर्षांनी फोनवर एका मुलीचा फोटो आला. वय तीन. मान्य की नाही हे अठ्ठेचाळीस तासांत कळवायचे होते. वहिनींनी दोन मिनिटांत होकार दिला आणि मग रात्रभर जागल्या. सकाळी मला विचारले, "भाऊ, ती माझ्याजवळ येईल का हो?"

एस.टी.ने मनमाड, तिथून रात्रीची अजिंठा एक्स्प्रेस. गाडीत मी त्यांना लिसा स्थळेकर हिची हकिकत सांगितली. १३ ऑगस्ट १९७९ ला पुण्यात जन्मलेले हे बाळ ससून रुग्णालयाशी निगडित असलेल्या श्रीवत्स या संस्थेत होते. तिथे तिचे नाव लैला. मूळचे मुंबईचे हरेन स्थळेकर आणि त्यांच्या पत्नी स्यू अमेरिकेतून दत्तक घेण्यासाठी आले होते. एक दत्तक मुलगी घरात होतीच, आता त्यांना मुलगा हवा होता. मुलगा मिळाला नाही, पण ही तीन आठवड्यांची पोर त्यांच्या नजरेत भरली आणि ते तिलाच घेऊन गेले. पुढे ती ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार झाली. एकदिवसीय सामन्यांत हजार धावा आणि शंभर बळी हे दोन्ही गाठणारी ती जगातली पहिली स्त्री. २०१२ मध्ये ती श्रीवत्समध्ये येऊनही गेली.

दादा खूश झाले. पण वहिनी म्हणाल्या, "ते बाळ तीन आठवड्यांचं होतं भाऊ. त्याला काय कळत होतं?"

त्यांचेच बरोबर निघाले. तीन आठवड्यांचे बाळ कुशीत घेतले की झोपते. तीन वर्षांच्या मुलाला मात्र आपली खाट कुठली, आपली मावशी कोण, जेवणाची घंटा केव्हा होते, हे सगळे ठाऊक असते. आपण त्याला घर द्यायला जातो, पण त्याच्या हिशेबी आपण त्याला त्याच्या घरातून न्यायला आलेलो असतो.

पहिल्या दिवशी पोर मावशीच्या पदरामागे लपली. दादांनी हौसेने मोठी बाहुली आणली होती. ती पुढे करत ते एकदम जवळ गेले आणि ती किंचाळली. "वद्दु, वद्दु" एवढेच म्हणत राहिली. वद्दु म्हणजे नको. लॉजवर परत येताना दादा एक शब्द बोलले नाहीत. रात्री म्हणाले, "तिला आम्ही नकोच असू, तर जबरदस्ती का करायची?" होकार मागे घेण्यापर्यंत बोलणे गेले. मी काय सांगणार? मी कारकून माणूस, माझी दोन्ही मुले घरचीच.

मार्ग दाखवला त्या संस्थेतल्या मावशीने. ती म्हणाली, उद्या उचलू नका, हाक मारू नका, फक्त जमिनीवर बसा. आज नेसलेलीच साडी उद्या नेसा, म्हणजे पोरीला ओळख पटेल. तिने आम्हाला चार शब्द शिकवले. नीळ्ळु म्हणजे पाणी, रा म्हणजे ये, अम्मा, नान्ना. दुसऱ्या दिवशी वहिनी तीच साडी नेसून भिंतीला टेकून बसल्या आणि वाटाणे सोलू लागल्या. शेंगा स्वयंपाकघरातून मागून घेतल्या होत्या. तासाभराने पोर सरकत सरकत आली, एक शेंग उचलली आणि पळाली. पुन्हा आली. तिसऱ्या वेळेस तिथेच बसली.

मग एक गंमत झाली. ती दादांकडे पाहून "बुव्वा, बुव्वा" म्हणू लागली. दादांचा चेहरा पडला. त्यांना वाटले, पोर आपल्याला बागुलबुवा म्हणते! मावशी हसून लोटपोट. तेलुगूत लहान मुले भाताला बुव्वा म्हणतात. पोरीला भूक लागली होती. त्या दिवशी तिने दादांच्या हातचे चार घास खाल्ले.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिची जुनी चादर न धुता मागून घेतली, झोपायच्या वेळा लिहून घेतल्या. चौथ्या दिवशी, आधी संगोपनासाठी म्हणून, ती त्यांच्या ताब्यात मिळाली. दत्तकाचा आदेश नंतर जिल्हाधिकारी देतात. २०२२ च्या सप्टेंबरपासून हे काम कोर्टाकडून त्यांच्याकडे आले आहे. पुढे दोन वर्षे दर सहा महिन्यांनी भेट देऊन मुलाची पाहणी होते.

या साऱ्यात दादांची आठवड्याची मजुरी बुडाली. "एवढी यातायात कशाला? दवाखान्यातून पाच दिवसांचं मूल परस्पर मिळतं, थोडे पैसे मोजावे लागतात," असा सल्ला देणारे आपल्यातही आहेत. कायदा डावलून असे मूल घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि मूल विकणे-विकत घेणे यासाठी पाच वर्षांपर्यंत. शिवाय त्या बाळंतिणीला कोणी काय सांगून गप्प केले असेल, याचाही विचार करावा.

परत आल्यावर खरा त्रास वस्तीत झाला. "कोणाची पोर? कोणत्या जातीची?" हा प्रश्न मी पंचशील म्हणणाऱ्या तोंडांतून ऐकला, तेव्हा मला लाज वाटली. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८७४ मध्ये काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत आपला केला. १८९० साली जोतिराव गेले तेव्हा त्याच्या हक्कावरून भाऊबंदांनी अडवले, म्हणून सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. जुन्या शास्त्राप्रमाणे दत्तक म्हणजे मुलगाच, आणि तोही आपल्याच जातीचा. जातीची ही अट काढावी म्हणून बाबासाहेब हिंदू कोड बिलात झगडले आणि १९५१ मध्ये मंत्रिपद सोडून बाहेर पडले. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर पंधराच दिवसांनी, २१ डिसेंबर १९५६ ला, दत्तकाचा नवा कायदा लागू झाला. त्यात मुलगीही दत्तक घेता येते आणि जात विचारली जात नाही. बौद्धांनाही तो लागू आहे. त्या कायद्याने आपल्याला 'हिंदू' या शब्दात बसवले, याचा राग मलाही आहे. पण जात पुसणारे ते कलम आपल्याच बापाच्या कष्टाचे, आणि आपणच दारात उभे राहून जात विचारायची?

मावशीच्या सांगण्यावरून वहिनींनी महिनाभर पाहुणे येऊ दिले नाहीत. विहारातल्या रविवारच्या वंदनेलाही नेले नाही. काही आयाबाया रुसल्या. रात्री पोर उठून दाराशी जाऊन बसे, चादर नाकाला लावून. वहिनी तिच्याशेजारी बसत, बोलत नसत. असे चाळीसेक दिवस चालले असेल. मग एका रात्री ती दाराकडे न जाता वहिनींच्या अंगावर पाय टाकून झोपली. दादांनी मला सकाळी सातला येऊन हे सांगितले, कामावर जाता जाता.

आता ती मराठी बोलते, आजीकडून अहिराणीही शिकते आहे. भाताला मात्र बुव्वाच म्हणते. गल्लीतली बाकीची पोरेही आता तेच म्हणू लागली आहेत.