फॉर्म ३० मधली कोरी जागा

लखनौत जुन्या गाड्यांच्या डीलरकडे भावावरून फार ताणाताणी होत नाही. आकडा फोनवर ठरलेला असतो. बंपरवरचे ओरखडे दाखवून त्यातले थोडे उतरवले जातात आणि चहा येतो. कागदांचं प्रकरण त्यानंतर सुरू होतं.

आमची गाडी यूपी ३२ पासिंगची. ती पुण्याला न्यायची म्हणजे इथल्या आरटीओतून फॉर्म २८ वर एनओसी घ्या, तिकडे नव्याने रोड टॅक्स भरा, नवा नंबर घ्या आणि इथे भरलेल्या टॅक्सच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज करा. त्यापेक्षा इथेच विकून मोकळं व्हावं, असं बदलीवर आलेली बरीच मंडळी ठरवतात. आम्हीही तेच ठरवलं.

एक पोरगा चेसिस नंबरावर कागद दाबून पेन्सिल आडवी घासत होता. करड्या पट्ट्यात सतरा अक्षरं-आकडे एकेक करून पांढरे उमटत गेले. आत मुनीमजी आरसी पाहत होते. कर्जाचे हप्ते फिटले म्हणून आरसीवरचा बँकेचा बोजा आपोआप उतरत नाही. त्याला बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. मग पोर्टलवर थकलेली ई-चलनं तपासली गेली. इथवर सगळं चोख.

मग फॉर्म २९ आणि फॉर्म ३० समोर आले. विकणाऱ्याच्या सहीच्या जागी फुल्या मारलेल्या, घेणाऱ्याचं नाव कोरं. ‘नाम बाद में भर जाएगा भाईसाहब, आप बस दस्तख़त कर दीजिए.’

यात लबाडीच असते असं नाही. डीलरकडे अजून गिऱ्हाईकच नसतं. गाडी आधी स्वतःच्या नावावर चढवली, तर कागदावर एक मालक वाढतो आणि ‘फर्स्ट ओनर’चा भाव जातो. म्हणून सह्या घेऊन फाइल कपाटात ठेवायची, ही या धंद्याची जुनी रीत. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फाइल कपाटात असेपर्यंत सरकारदरबारी मालक आपणच.

त्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात स्पष्ट केला. २००७ साली विकलेली एक गाडी नोंद न बदलता हातोहात फिरली आणि २००९ मध्ये तिचा अपघात झाला. नुकसानभरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदणीवर नाव असलेल्या मूळ मालकावर टाकली. गाडी आपल्या ताब्यात नव्हती, हा बचाव चालला नाही.

ही फट बुजवायला १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम लागू झाले. जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून पाच वर्षांचं अधिकारपत्र घ्यायचं आणि गाडी ताब्यात आल्याची सूचना फॉर्म २९ सी मध्ये ऑनलाइन द्यायची. ती गेली की गाडीची जबाबदारी डीलरवर येते. ट्रायल, दुरुस्ती, रंगकाम अशा कामांपलीकडे त्याने ती रस्त्यावर काढायची नाही आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची. माझ्या मते विकणाऱ्याने भावापेक्षा या सूचनेच्या पोचपावतीसाठी जास्त अडून बसावं. मी ती मागितली तेव्हा मुनीमजींनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि मुकाट्याने पोर्टल उघडलं. म्हणजे माहीत होतं, विचारणारे कमी.

सोबत ताबा-पावतीही करून घेतली, तारखेच्या पुढे वेळ आणि मीटरचं रीडिंग घालून. कॅमेऱ्याच्या चलनावर मिनिटासकट वेळ छापलेली असते, तेव्हा ‘अमुक तारखेला दिली’ एवढं पुरत नाही. फास्टॅग तिथेच बसून बंद केला.

विम्याचं एक जाता जाता. पॉलिसी गाडीबरोबर जाते, पण नो क्लेम बोनस मालकाचा असतो. विक्रीचा पुरावा दाखवून विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं की पुढच्या गाडीला तीन वर्षांपर्यंत तो वापरता येतो. डीलर हे आपणहून सांगत नाही. त्याचं त्यात काही अडलेलं नसतं.